पुढचे दोन खांदे

"माझ्या बहिणीला न्यायला मला मंडळीचा एकही खांदा नको," मिस्त्री म्हणाले. "मी एकटा नेईन. घरापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून कबरस्तानापर्यंत. घामसुद्धा येणार नाही मला."

पाळक तेव्हा चहाचा कप हातात धरून सांत्वनाचे चार शब्द जुळवत होते. शब्द जुळायचे राहिले आणि चहा बशीत गेला. आतल्या खोलीत अक्का पांढऱ्या कपड्यांत निजवलेल्या होत्या. त्यांच्या उशाशी मिस्त्रींची बायको बसली होती. ती नवऱ्याशी धड बोलत नव्हती, आणि का बोलत नव्हती ते लगेच कळलं. कारण मिस्त्री पाळकांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सेक्रेटरींना घेऊन खालच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि कोपऱ्यातल्या एका वस्तूवरचं गोणपाट त्यांनी झटक्यात ओढलं.

खाली ढकलगाडी होती. सागवानी चौकट, पॉलिश केलेली, शवपेटी बरोबर बसेल असा खाचा, आणि खाली चार चाकं. बहीण दवाखान्यात असतानाच मिस्त्रींनी ती करायला घेतली होती. बायकोनं विचारलं होतं, अहो, ती अजून श्वास घेतेय आणि तुम्ही तिची गाडी कसली करताय. मिस्त्री रंधा मारत राहिले होते. हात रिकामे राहिले की त्यांना ते कुठे ठेवावेत ते कळत नसे.

मिस्त्रींनी गाडीवर फळ्यांचा ढीग रचला आणि एका बोटानं गाडी ढकलली. ती वर्कशॉपच्या या टोकापासून त्या भिंतीपर्यंत अशी सरळ गेली की सेक्रेटरींनी टाळी वाजवायला हात उचलले. मग आपण दुसऱ्या पार्टीचे आहोत हे त्यांना आठवलं आणि त्यांनी त्याच हातांनी कोट झटकला.

आता पार्टीचं सांगायला हवं.

आमच्या मंडळीत पेटी गाडीवरून जात नाही. सहा घरांतली सहा माणसं ती खांद्यावर नेतात, तीन इकडून, तीन तिकडून. उचलायच्या आधी प्रत्येकानं पेटीवरून समोरच्याला हात द्यायचा असतो. हात दिला म्हणजे आपलं काही भांडण नाही, असलं तर इथं संपलं. एकानं जरी हात मागे घेतला तरी पेटी उचलायची नाही. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नाही. पाळक बाहेरून आलेले. त्यांनी आल्या आल्या नियमांच्या पुस्तकात शोधून पाहिला, सापडला नाही, म्हणून तो बंद करावा असं सुचवलं. तेव्हा अक्का हातातला झाडू बाजूला ठेवून म्हणाल्या होत्या, "साहेब, भांडलेली माणसं पेटी सरळ धरत नाहीत. आतल्याला त्रास होतो." पाळकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

खांद्यांच्या जोड्या उंचीनं लागतात. पुढची जोडी कायमची ठरलेली, मिस्त्री आणि टेलर. दोघं शाळेपासूनचे दोस्त, आणि उंचीनं इतके सारखे की पुढून पेटी केसभर कलायची नाही. एकमेकांकडे न बघता पाऊल टाकायचे. मंडळीतले म्हातारे त्यांच्याकडे कौतुकानं बघायचे, गिऱ्हाईक दुकानातल्या मालाकडे बघतं तसे.

मग चर्चमध्ये नवी बाकं आली. बाकं मिस्त्रींनी केली, त्यांवरच्या गाद्यांच्या खोळी टेलरांनी शिवल्या. गाद्या भरून बाकांवर घातल्या, तर प्रत्येक गादी चार बोटं आखूड. बाकाच्या टोकाला बसणाऱ्याची एक मांडी गादीवर आणि एक लाकडावर, त्यामुळे प्रार्थनेला डोळे मिटले की तो हळूहळू बाहेर कलायचा. मिस्त्री म्हणाले, टेलरचं माप चुकलं. टेलर सगळ्यांदेखत म्हणाले, बाकं लांब झालीत. मिस्त्रींना आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी आपल्या बाजूच्या बाकांवरच्या गाद्या काढून व्हरांड्यात टाकल्या. तेव्हापासून चर्चच्या डाव्या अंगाला गादीवाले बसू लागले आणि उजव्या अंगाला लाकूडवाले. पाळक दर रविवारी एकीवर प्रवचन द्यायचे आणि अर्धी मंडळी उरलेल्या अर्ध्या मंडळीकडे बघायची, की ऐका, तुम्हाला सांगताहेत.

त्यानंतर मंडळीत कोणी गेलं नव्हतं. ही देवाची कृपा असेल. पण म्हाताऱ्यांनी धसका घेतला होता हेही खरं. सेक्रेटरींचे वडील न्यूमोनियानं अगदी टेकले होते, ते उठून बसले आणि म्हणाले, आधी त्या दोघांचं मिटवा, मग माझं बघू.

अक्कांनी खूप प्रयत्न केला. चर्च झाडणं, पुसणं, दिवे, फुलदाण्या, सगळं त्यांच्याकडे. सगळ्या जगाच्या अक्का त्या. आईबाप लवकर गेले म्हणून त्यांनी मिस्त्रींना वाढवलं, आणि शेजारचा टेलर सतत यांच्याकडेच असायचा म्हणून त्यालाही वाढवलं. त्यांना एकच वेड होतं, नवं काही दिसलं की ते आधी धुवायचं. नवे पाळक सामान घेऊन उतरले तेव्हा अक्कांनी त्यांनाही पहिल्यांदा अंघोळीला पाठवलं होतं. तर त्यांनी टेलरांना बोलावून सांगितलं, बाबा, तुझी टेप जुनी झाली, ताणली गेली असेल, नवी घे आणि चुकलं म्हण. टेलर मान खाली घालून हो अक्का म्हणाले. टेपही नवी घेतली. चुकलं मात्र म्हणाले नाहीत.

मग अक्का आजारी पडल्या.

आजाऱ्याला भेटायला जायची आमच्याकडे घरोघरी पाळी असते. पण गादीवाल्यांना वाटलं, अक्का मिस्त्रींची बहीण, म्हणजे लाकूडवाल्यांची पाळी. लाकूडवाल्यांना वाटलं, गादीवाल्यांनी आधी जाऊन माफी मागावी, मग आपण जाऊ. पाळक रोज निघायचे आणि रोज कोणीतरी त्यांना आपल्या बाजूचं गाऱ्हाणं सांगायला वाटेत धरायचं, तोवर भेटायची वेळ संपलेली. नर्सबाई, आमच्या गायकवृंदातल्या, त्याच वॉर्डात ड्यूटीला होत्या, त्या यायच्या. बाकी खाटेजवळचं स्टूल रिकामं. अक्कांना ग्लानी असायची. जाग आली की विचारायच्या, कोण आलं होतं? मिस्त्री सांगायचे, सगळे येऊन गेले, तू झोपली होतीस.

शेवटच्या दिवशी त्यांनी भावाचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "मला पुढं तुम्ही दोघंच पाहिजे. डुगडुगवू नका मला."

मिस्त्री हो म्हणाले होते. म्हणूनच ते असे पिसाळले होते. हो म्हणून बसले होते आणि करायचं नव्हतं. जे बहिणीच्या उशाशी आले नाहीत त्यांचा हात धरायचा, आणि तो टेलर त्यांत पहिला. म्हणून त्यांनी अशी गाडी केली की जिला खांदा लागत नाही. डुगडुगणार नाही एवढी गोष्ट आपण पाळू, उरलेली देव बघेल, असा त्यांनी स्वतःशी हिशेब केला होता.

दुपारी पेटी गाडीत बसली. खाच्यात अशी बसली की बोट शिरेना. मिस्त्रींचं घर चढावर आहे. तिथून रस्ता उतरत खाली येतो आणि वळणावर फुटतो, उजवीकडे चर्च, डावीकडे बाजार. पुढे पाळक, उघडं पुस्तक घेऊन. त्यांच्यामागे मिस्त्री आणि गाडी. त्यांच्यामागे मंडळी, डाव्या कडेनं गादीवाले, उजव्या कडेनं लाकूडवाले, मधे बैल जाईल एवढी जागा. ब्रेक म्हणून मिस्त्रींनी गाडीला दोर बांधून तो स्वतःच्या कमरेला गुंडाळला होता. सेक्रेटरींनी त्यांना दबक्या आवाजात सुचवलं की उताराचा विषय कमिटीपुढे आला असता तर बरं झालं असतं. मिस्त्रींनी ऐकलं नाही.

निम्मा उतार गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मिस्त्रींनी मान वळवून मागे पाहिलं, सगळे बघताहेत ना म्हणून.

नर्सबाईही बघत होत्या. त्यांची नजर गाडीच्या खाली गेली आणि त्या चालता चालता थबकल्या.

"मिस्त्री, ही चाकं कुठून आणलीत?"

"भंगारातून. दवाखान्याच्या खाटेची आहेत. एक नंबर चाकं."

"ती खाट भंगारात का काढली ते विचारलंत का?" नर्सबाई म्हणाल्या. "ती डावीकडेच जायची. पेशंट एक्सरेला न्यायला निघालो की बाळंतिणींच्या वॉर्डात पोचायचो."

वर्कशॉपमध्ये भिंत जवळ होती, गाडीला डावीकडे वळायला वेळच मिळाला नव्हता. आता भरपूर रस्ता होता. गाडीनं आधी थोडं नाक वळवलं, मग वेग घेतला. मिस्त्रींनी टाचा रोवल्या. दोर ताणला गेला आणि त्यानंतर मिस्त्री गाडीला नेत नव्हते, गाडी मिस्त्रींना नेत होती. पुढे पाळकांना मागून चाकांचा आवाज ऐकू आला तसं त्यांचं वाचन जलद झालं, मग पावलं जलद झाली. शेवटचं स्तोत्र त्यांनी पळत पळत म्हटलं आणि आमेनला दिव्याच्या खांबाला मिठी मारली. गाडी त्यांच्या कोटाला घासून गेली. मागून मंडळी धावत सुटली, गादीवाले, लाकूडवाले, सगळे एका घोळक्यात. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळे एका दिशेनं चालले होते, पण हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

वळणावर डावीकडे पहिलंच दुकान टेलरांचं.

दरवाजा पेटीपेक्षा जेमतेम रुंद, आणि गाडी आली तिरकी. पेटी पुढून आत शिरली, काउंटर आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये घुसली आणि पाचरीसारखी बसली. मागचं टोक दाराच्या चौकटीत अडकलं. खालची गाडी मोडली. एक चाक सुटून दुकानातून परत बाहेर आलं आणि एकटंच बाजाराकडे गेलं, डावीकडे. दाराशी कोट घातलेला पुतळा उभा असतो, तो पेटीवर आडवा पडला. अक्कांच्या पेटीला मंडळीतला पहिला मिठी मारणारा तोच. पेटीवर ओरखडासुद्धा नव्हता, मिस्त्रींचं काम ते. खुद्द मिस्त्री काउंटरवर पोटावर पडले होते आणि दोर अजून कमरेला होता.

टेलर आत इस्त्री हातात धरून उभे होते. ते अंत्ययात्रेला आले नव्हते, त्यांना कोणी या म्हटलं नव्हतं. काउंटरवरून उडालेला त्यांचा चष्मा मशीनखाली पडून फुटला होता. त्यांनी आधी इस्त्री उभी करून ठेवली, कारण खाली कापड होतं. मग म्हणाले, "लागलं का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

बाकांच्या भांडणानंतर दोघांमधले हे पहिले शब्द.

मिस्त्री काउंटरवरून उतरले. उतरताना त्यांचा हात त्या कापडावर पडला. पांढरं शुभ्र, मधे क्रूस, आणि ओलसर.

"हे काय?"

"पेटीवरची चादर. अक्कांसाठी. मागच्या दारानं पाठवणार होतो, तुझ्या बायकोकडे."

"ओली आहे."

"मांजरपाट आहे. धुतल्यावर आटतं. म्हणून आधी धुवून घेतलं, मग मापानं कापलं."

मिस्त्रींनी कापड बोटांत चोळलं. तेवढ्यातही त्यांच्यातला मिस्त्री जागा होता. "मग गाद्यांच्या खोळीही याच कापडाच्या, त्या कापताना हे सुचलं नाही?"

"त्या धुवायच्या नव्हत्याच," टेलर म्हणाले. "कापूस भरायचा, तोंड शिवायचं, झालं. गादी कोण धुतं?"

एवढं बोलून त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

मिस्त्रींना चर्चचं आवार आठवलं. बाकं बसवायची धांदल, घामाच्या धारा, आणि अक्का चिमटे तोंडात धरून स्टुलावर चढलेली. टेलरनं देऊन ठेवलेल्या नव्या कोऱ्या खोळी तिनं धुवून पिळल्या होत्या आणि एकामागून एक वाळत घालत होती. ए, जरा ती दोरी बांध रे उंच, असं ती म्हणाली होती, आणि दोरी मिस्त्रींनीच बांधली होती.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"कापूस भरायला घेतल्यावर. साबणाचा वास येत होता."

"सांगितलं का नाहीस?"

"कोणाला? तिला सांगितलं असतं तर ती त्या बाकांकडे पुन्हा बघू शकली नसती. तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस."

"पण बाकं लांब झालीत असं म्हणालास. माझं माप काढलंस."

"सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी म्हणायला पाहिजे होतं." टेलरांनी जमिनीवर चष्म्याची काडी शोधायला हात फिरवला. "ते चुकलं माझं."

मिस्त्रींनी मान हलवली नाही. त्यांचं अजून संपलं नव्हतं.

"दवाखान्यात आला नाहीस."

"नाही आलो. ती पुन्हा टेपचं विचारेल आणि या वेळी माझ्या तोंडून निघून जाईल, अशी भीती वाटली. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिलो. यायला पाहिजे होतं."

"ती रोज विचारायची, कोण आलं होतं," मिस्त्री म्हणाले. "मी रोज पहिलं नाव तुझं सांगायचो."

टेलरांचा जमिनीवरचा हात थांबला. काडी सापडली होती, ती तशीच हातात राहिली.

तोवर मंडळी दारात पोचली होती, आणि प्रत्येकाला पेटी कशी काढायची ते माहीत होतं. काहीजण मागच्या दारानं आत आले आणि पेटी बाहेर ढकलू लागले. बाहेरच्यांना हे दिसलं नाही, ते मदत म्हणून पेटी आत ढकलू लागले. दोन्हीकडून जोर इतका सारखा होता की पेटी जागची हलली नाही आणि दुकानाचा दरवाजा करकरू लागला. गादीवाले म्हणाले लाकूडवाले उलट ढकलताहेत, लाकूडवाले म्हणाले यांची ही जुनीच खोड. सेक्रेटरींनी सूचना मांडली की आधी प्रत्येक बाजूनं एकेक प्रतिनिधी निवडावा. शेवटी नर्सबाई शिलाई मशीनच्या स्टुलावर चढल्या.

"सगळ्यांनी हात काढा," त्या म्हणाल्या. "काढलेत? आता मी तीन म्हटल्यावर आतल्यांनी ढकलायचं, बाहेरच्यांनी ओढायचं. त्याआधी जो हात लावेल त्याला मी इंजेक्शन देईन."

तीन म्हटल्यावर पेटी निघाली. तिच्याबरोबर दाराच्या चौकटीचा एक तुकडाही निघाला. तो पडलेला बघून मिस्त्रींनी उचलला आणि खिशात ठेवला, नंतर बसवून द्यायला.

रस्त्यात दोन स्टुलं मांडून त्यांवर पेटी ठेवली. टेलरांनी चादर आणून वरून पसरली आणि तिची टोकं पेटीच्या कड्यांना बांधली. एका कडेची शेवटची वीतभर दुमड घालायची राहिली होती, मशीन तर आडवं पडलेलं. तेव्हा टेलर सुई घेऊन तिथेच वाकले. मिस्त्रींनी डाव्या हातानं कड घट्ट दाबून धरली, सुतार फळी धरतो तशी. टेलरांनी चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून, पक्के दुहेरी टाके घातले आणि दातानं दोरा तोडला.

पाळक आले. कोट फाटला होता, पुस्तक कुठेतरी पडलं होतं. त्यांच्याकडे त्या वेळी प्रवचन नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "गाडी संपली. सहाजण पुढे या."

मिस्त्री पेटीच्या उजव्या अंगाला होतेच. टेलर समोर जाऊन उभे राहिले. गायकवृंदातले तिघं आले, त्यांत दोन लाकूडवाले, एक गादीवाला. सहावा मिळेना. सेक्रेटरींना पाठीचा आजार होता, तो त्यांना त्याच क्षणी आठवला. नर्सबाई जाऊन रिकाम्या जागी उभ्या राहिल्या. सेक्रेटरी म्हणाले, बाईमाणसानं खांदा देण्याची पद्धत नाही. नर्सबाई म्हणाल्या, आजवर इतके पेशंट उचलले, तेव्हा कोणी पद्धत विचारायला आलं नव्हतं.

मागच्या चौघांनी पेटीवरून हात दिले. पुरेसे मनापासून दिले असं नाही म्हणता येणार. एकानं हात देऊन लगेच पँटला पुसला. पण दिले.

पुढच्या जोडीत टेलरांनी हात पुढे केला. मिस्त्रींचा डावा हात चादरीवर होता आणि उजवा खिशात, चौकटीच्या तुकड्यावर. कोणी हललं नाही. मंडळीतले म्हातारे तर मान पुढे काढून बघत होते. सेक्रेटरींच्या वडिलांनी श्वास धरला होता, आणि त्यांच्या वयाला ते बरं नव्हतं. टेलरांचा हात पेटीवर तसाच राहिला.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते पेटीकडे बघत होते. "तिला डुगडुगायला नको," ते म्हणाले, आणि खिशातून हात काढून त्यांनी टेलरांचा हात धरला. इस्त्री धरून धरून तो हात राठ झालेला होता.

पेटी उठली. मागून खाली गेली, कारण नर्सबाई बुटक्या. तेव्हा कोणीतरी धावत चर्चच्या व्हरांड्यातून एक गादी आणली, मिस्त्रींनी रागानं टाकलेलीच एक, आणि तिची घडी नर्सबाईंच्या खांद्यावर ठेवली. पेटी सपाट झाली. पुढचे दोघं एकमेकांकडे न बघता चालू लागले. पहिली काही पावलं चुकली, मग नाही चुकली.

चर्चमध्ये गर्दी इतकी होती की जो तो मिळेल तिथे बसला. गादीवाले लाकडावर बसले, लाकूडवाले गादीवर. याला समेट म्हणायचं नाही, जागाच नव्हती. प्रार्थनेच्या वेळी बाकांच्या टोकाचे लोक नेहमीप्रमाणे बाहेर कलले आणि या खेपेला शेजारच्यांनी त्यांचे दंड धरले. पाळक बोलायला उभे राहिले. अक्का आजारी असताना आपल्यातलं कोणी गेलं नाही, मीही गेलो नाही, असं म्हणाले, आणि तिथेच गीत सुरू केलं. मिस्त्री सबंध उपासनेत बसले नाहीत. पेटीवर डावा हात ठेवून तसेच उभे राहिले. बायकोनं खुणेनं बस म्हटलं, ते नाही म्हणाले. सगळ्यांना भरून आलं.

कबरस्तानापर्यंत त्यांनी एकदाही खांदा बदलला नाही, हातही काढला नाही. अक्का डुगडुगल्या नाहीत.

खड्ड्यावरच्या फळ्यांवर पेटी टेकली, खालून दोर घातले गेले. पाचजण बाजूला झाले. मिस्त्री वाकलेलेच राहिले. बायको उठवायला गेली तर उठेनात. बहिणीला सोडवत नाही, असं सगळ्यांना वाटलं. मिस्त्रींनाही तसंच वाटलं, आणि ते तिथे गुडघ्यावर बसून, आजवर कोणासमोर रडले नव्हते असे रडले. टेलर पलीकडच्या कडेला तसेच रडत होते. पाळकांनी बराच वेळ थांबून, मग मान हलवली. फळ्या काढल्या आणि दोर सोडले.

पेटी खाली गेली आणि मिस्त्री कमरेपर्यंत तिच्याबरोबर गेले. टेलरांनी चष्म्याशिवाय दुमड घालताना चादरीला मिस्त्रींच्या शर्टाची बाही शिवली होती. गादीवाल्यांनी त्यांचा डावा पाय धरला, लाकूडवाल्यांनी उजवा, आणि नर्सबाईंनी तीन म्हटलं. टाके सुटले नाहीत. बाही खांद्यापासून फाटली आणि अक्कांबरोबर पुरली गेली.